आत्मनिष्ठेची मिरासदारी : मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेविषयी

१

मराठी प्रवासवर्णनाच्या विकासाची एक कथा विद्यापीठांच्या वर्गांतून, प्रबंधांतून आणि वाङ्मयप्रकारांच्या इतिहासांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती कुणीतरी रचलेली कथा आहे याचाच विसर पडावा. या कथेनुसार एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णन हे बहुतांशी माहितीचे भांडार होते. अंतरे, लोकसंख्या, इमारतींच्या उंच्या आणि राज्यव्यवस्थेचे तपशील यांच्या ओझ्याखाली प्रवासी स्वतः हरवलेला होता. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाने त्याला मोकळे केले. गंगाधर गाडगीळांच्या 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकांनी त्याला पूर्ण व्यक्तिमत्त्व दिले. आणि अशा रीतीने प्रवासवर्णन 'ललित' झाले. माहितीकडून अनुभवाकडे, वस्तुनिष्ठतेकडून आत्मनिष्ठेकडे, उपयुक्ततेकडून लालित्याकडे असा हा चढता आलेख आहे.

हा आलेख सर्वस्वी खोटा आहे असे नाही. काणेकर, गाडगीळ आणि देशपांडे यांच्या गद्याने मराठी वाचकाला जग पाहण्याची एक नवी रीत दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या पुस्तकांचा नाही. त्या पुस्तकांतून काढलेल्या निकषाचा आहे. एका विशिष्ट काळातील, एका विशिष्ट सामाजिक स्तरातील लेखकांना जे साधले, तेच या वाङ्मयप्रकाराचे सारतत्त्व मानले गेले आणि मग त्या सारतत्त्वाच्या मापाने मागचे-पुढचे सारे लेखन मोजण्यात आले. ज्या लेखनात प्रवाशाचे 'मी'पण खेळकर, मनमोकळे आणि स्वतःवर प्रसन्न नाही, ते 'माहितीपर', 'वृत्तान्तवजा' किंवा 'प्रचारकी' ठरले. परिणामी निसर्गचित्रण, व्यक्तिचित्रण, विनोद, भाषाशैली अशा ठरावीक प्रकरणांत कोणत्याही प्रवासवर्णनाचा अभ्यास 'पूर्ण' करता येऊ लागला. अशा प्रबंधांत प्रवासाविषयी सर्व काही असते; फक्त प्रवास कोण करू शकतो, कोणाच्या पैशाने करतो, कोणासाठी लिहितो आणि ज्याच्या दारात तो उभा राहतो त्या माणसाचे म्हणणे काय, एवढेच प्रश्न नसतात.

आत्मनिष्ठा हा तटस्थ वाङ्मयीन गुण नाही. ती सर्व लेखकांना सारखीच उपलब्ध नसते. आपला वाचक आपल्याला ओळखतो, आपल्या फजितीवर प्रेमाने हसतो, आपल्या हेतूंविषयी शंका घेत नाही, असा भरवसा ज्याला जन्मतः मिळालेला आहे, त्यालाच मोकळेपणाने 'मी' म्हणता येते. हा भरवसा म्हणजे एक प्रकारचे वतन आहे. मराठी समीक्षेने या वतनालाच प्रतिभेचे नाव दिले.

२

पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्याच्या शीर्षकातील क्रमच बोलका आहे : आधी लोकस्थिती, नंतर प्रवासवृत्त. राज्यपद्धती, घरगुती जीवन, शिक्षण, धर्म, स्त्रियांची स्थिती अशा विषयांवर रमाबाई विस्ताराने लिहितात आणि स्वतःविषयी बेताने. प्रचलित निकषाप्रमाणे हे पुस्तक 'आदरणीय परंतु माहितीपर' या कप्प्यात जाते आणि तेथेच राहते.

पण हे पुस्तक कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले? १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि त्यामुळे मराठी वाचकवर्गाचा मोठा भाग त्यांच्यावर रुष्ट होता. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत त्या देशात राहिल्या. परतल्यावर ज्या समाजासमोर त्यांना उभे राहायचे होते, त्या समाजाच्या दृष्टीने त्यांचा 'मी' हा आधीच संशयित होता. विधवा, धर्मांतरित, एकटीने समुद्र ओलांडलेली स्त्री. अशा लेखिकेने आपल्या गंमतीजमती सांगाव्यात आणि वाचकाने मिशीतल्या मिशीत हसावे, हा व्यवहार तेथे शक्यच नव्हता. त्यांच्या 'मी'वर विश्वास नव्हता म्हणूनच त्यांना वस्तुस्थितीला साक्षीला बोलवावे लागले. तेथील माहिती हा रूपाचा अभाव नाही, ती रूपाची निवड आहे. राजसत्तेखाली जगणाऱ्या प्रजेला प्रजासत्ताक कसे चालते हे तपशिलाने सांगणे, आणि स्त्रियांच्या महाविद्यालयांचे, संघटनांचे वर्णन स्त्रीशिक्षणाला विरोध करणाऱ्या समाजापुढे ठेवणे, हा युक्तिवाद आहे. त्याला 'नोंद' म्हणणे हे वाचनातील न्यून आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या प्रवासातून एक नव्हे तर दोन पुस्तके निघाली. अमेरिकेविषयी मराठी वाचकांना सांगणारे पुस्तक १८८९ सालचे. त्याआधी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी अमेरिकन वाचकांना सांगणारे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिच्या मदतीवर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. सांस्कृतिक देवाणघेवाण या शब्दाला काही अर्थ असेल तर तो येथे आहे : यजमानांना आपले सांगायचे, आपल्यांना यजमानांचे सांगायचे, आणि दोन्हीकडे अप्रिय बोलण्याचा धोका पत्करायचा. अमेरिकेवर मुग्ध असतानाही तेथील कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय रमाबाई झाकून ठेवत नाहीत.

अर्थात येथेही समीक्षेने आरती ओवाळून थांबू नये. ज्या समाजाच्या देणग्यांवर आपले कार्य उभे राहायचे आहे, त्या समाजाचे चित्र रेखाटताना लेखणी कोठे हलकी झाली? ब्रिटिशांची सत्ता सहन करणाऱ्या लेखिकेला त्या सत्तेपासून फुटून निघालेला देश अधिक उजळ दिसला काय? हे प्रश्न कठोर आहेत; परंतु ते विचारणे म्हणजेच त्या पुस्तकाला प्रौढ संहिता म्हणून वागवणे होय. 'माहितीपर' हा शिक्का मारला की असे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. शिक्क्याची सोय ती हीच.

३

आत्मनिष्ठेच्या निकषाची खरी कसोटी मात्र आणखी एका संहितेपुढे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे इंग्रजी लेखन १९३० नंतरच्या दशकातील असून ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र, दलित साहित्य, सामाजिक दस्तऐवज अशा नाना नावांनी त्याची चर्चा झाली आहे. ते प्रवासलेखन आहे, हे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. वास्तविक त्यातील महत्त्वाचे प्रसंग प्रवासाचेच आहेत. १९०१ साली वडिलांकडे निघालेली लहान मुले मसूरच्या स्टेशनावर उतरतात आणि त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार होतो तो या अटीवर की, गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बरोबर चालायचे. १९१७ साली विलायतेहून परतलेला विद्वान बडोद्यात पारशी असल्याची बतावणी करून एका पारशी विश्रामगृहात उतरतो आणि काठ्या घेतलेल्या जमावाकडून बाहेर काढला जातो. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले गाडी हाकायला नकार देतात आणि नवख्या हातातला टांगा उलटून दुखापत होते. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून सहलीचा रंग क्षणात पालटतो.

या प्रसंगांची रचना पाहावी. स्टेशन, बैलगाडी, विश्रामगृह, टांगा, पाण्याचा हौद : प्रवास ज्यांच्यामुळे शक्य होतो ती एकेक सोय येथे एकेक नकार बनून येते. नकाशावर पुढे सरकणारा मार्ग या लेखनाला नाही, कारण ज्याला प्रत्येक टप्प्यावर थांबवले जाते त्याच्या प्रवासाचे कथन सरळ रेषेत जाऊच शकत नाही. ही वाङ्मयीन रचना आहे आणि ती अनुभवाच्या स्वरूपातून आलेली आहे. परदेशातल्या वास्तव्यात ज्याच्या मनातून अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेली, त्याला ती स्वदेशाच्या स्टेशनावर उतरताच पुन्हा गाठते. परका देश आणि आपला देश ही प्रवासवर्णनाची मूलभूत जोडीच येथे उलटी होते. 'प्रवासी घर सोडतो, परक्या भूमीत विस्मित होतो आणि समृद्ध होऊन घरी परततो' या सूत्रावर आधारलेली सारी सैद्धान्तिक मांडणी ज्याला घरी परततानाच 'व्हिसा' लागतो त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते.

हे लेखन इंग्रजी आहे, सबब मराठी वाङ्मयप्रकाराच्या चर्चेत त्याला स्थान नाही, असा तांत्रिक आक्षेप घेता येईल. पण भाषेची सीमा दाखवून सुटता येणार नाही, कारण मराठीत लिहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझा रशियाचा प्रवास' या पुस्तकाची गतही फारशी वेगळी झाली नाही. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेला, लहानपणी वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेला, स्टालिनग्राडचा पवाडा ते शहर पाहण्याच्या कितीतरी आधी रचणारा हा लेखक १९६१ साली सोव्हिएत संघात गेला. त्याच्या मोजक्या पानांचा विचार शाहिराच्या चरित्राचा एक तपशील म्हणून होतो. प्रवासवर्णनाच्या निकषांना आव्हान म्हणून होत नाही. वाटेगाव ते मुंबई हे पायी तुडवलेले अंतर आणि मुंबई ते मॉस्को हे विमानातले अंतर यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न कोणत्या प्रकरणाखाली घालायचा? निसर्गचित्रणाखाली की विनोदाखाली?

येथे दुहेरी मापही उघडे पडते. अण्णा भाऊंचे पुस्तक सोव्हिएत व्यवस्थेच्या प्रेमात आहे, त्यात न दाखवलेल्या गोष्टींची विचारणा नाही, असा आक्षेप रास्त आहे. मग तोच प्रश्न काणेकरांनाही विचारावा लागेल. त्यांचे पुस्तक १९४० सालचे. मॉस्कोतील कुप्रसिद्ध खटल्यांची वर्षे १९३६ ते १९३८. 'लाल तारा' आणि हे खटले यांचा हा काळाचा शेजार समीक्षेने कितीदा तपासला? एकाच्या बाबतीत राजकीय श्रद्धा हा दोष आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती प्रसन्न शैलीची पार्श्वभूमी, असा न्याय निकषातून येत नाही. तो निकष लावणाऱ्या हातातून येतो.

आणि मॉरिशस? १८३४ नंतर गिरमिटाच्या करारावर भारतातून जे लाखो मजूर त्या बेटावर नेले गेले, त्यांत कोकणातून आणि इतर मराठी मुलखातून गेलेले लोकही होते. त्यांचे वंशज तेथे गणेशोत्सव करतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. मराठी माणसाच्या समुद्रप्रवासाचा हा इतका दीर्घ अध्याय. पण त्याचे 'प्रवासवर्णन' नाही. लिहिण्याची सवड आणि साधने नसलेल्यांचा प्रवास वाङ्मयेतिहासाबाहेर राहणे एका अर्थी अपरिहार्य असेल. परंतु ही अनुपस्थिती जिथे नोंदवलीही जात नाही, तेथे तिला अपरिहार्य म्हणता येत नाही.

४

आत्मनिष्ठेच्या निकषाने लेखक-वाचक संबंध झाकला, तसाच प्रवासी-यजमान संबंधही झाकला. ज्या लेखनात केंद्रस्थानी प्रवाशाचे मन असते, तेथे समोरचा माणूस हळूहळू त्या मनाचे निमित्त बनतो. समीक्षा याला 'अनुभवाचे आत्मसात होणे' म्हणते. ज्याला आत्मसात केले जाते त्याचे काय होते, हे ती विचारत नाही.

आग्नेय आशियाविषयीच्या लेखनाचे उदाहरण घ्यावे. भारतीय प्रवासी थायलंडमध्ये किंवा जावा-बालीत जातो आणि त्याला तेथे 'आपले' रामायण, 'आपले' महाभारत सापडते. ऊर भरून येतो. आणि समीक्षक 'सांस्कृतिक अनुबंधाचे हृद्य दर्शन' अशी नोंद करतो. परंतु थायलंडचे 'रामकियन' हे वाल्मीकीची घसरलेली प्रत नाही. पहिल्या राम राजाच्या कारकिर्दीत (१७८२-१८०९) सिद्ध झालेल्या त्या काव्यातील हनुमान ब्रह्मचारी नाही, तो चांगला रसिक आणि अनेक स्त्रियांचा वल्लभ आहे. बँकॉकच्या राजमंदिराच्या ओवऱ्यांतून ती सारी कथा भिंतींवर रंगवलेली आहे आणि ती थाई राजसत्तेची कथा आहे. जावामधील छायानाट्यात महाभारताच्या कथा चालतात. त्या सादर करणारे सूत्रधार आणि पाहणारे प्रेक्षक बहुसंख्येने मुसलमान आहेत. आणि पांडवांचा सेवक म्हणून वावरणारा, दिसायला विदूषक पण मुळात देव असलेला सेमार हे पात्र व्यासांच्या महाभारतात शोधून सापडणार नाही. या माणसांना विचारले तर ते 'तुमचे रामायण आमच्याकडे आले' असे म्हणतीलच असे नाही. 'हे आमचे आहे' असेही म्हणतील. या उत्तराला ज्या प्रवासवर्णनात जागा नाही, तेथे दर्शन असेल, देवाणघेवाण नाही. दुसऱ्याच्या घरात आपले भांडे ओळखून ते उचलून आणणे याला देवाणघेवाण म्हणत नाहीत.

येथे एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथाचा आधार घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि विद्यापीठांतून तो घेतलाही जातो. परंतु पश्चिमेने पूर्वेकडे कसे पाहिले याची ती चिकित्सा मराठी प्रवाशाला जशीच्या तशी लावली की, तो प्रवासी आपोआप 'वसाहतीचा बळी' ठरतो आणि सुटतो. मराठी प्रवासी लंडनमध्ये प्रजाजन असेल. जकार्तात किंवा नैरोबीत तो कोण असतो? आणि चाळीसगावच्या टांगेवाल्यासमोर एक प्रवासी 'साहेब' आणि दुसरा अस्पृश्य कसा ठरतो? याचे उत्तर आयात केलेल्या सिद्धान्तात नाही, तसेच परदेशप्रवास म्हणजे मुळे तुटणे असे मानणाऱ्या सोप्या देशीवादातही नाही. देशीपणाची ग्वाही देणाऱ्या समाजाने आपल्याच माणसांना स्टेशनावर उतरू दिले नाही, हा इतिहास समोर असताना 'आपली भूमी' हा शब्द निर्मळपणे वापरता येत नाही.

५

या मांडणीवर एक आक्षेप निश्चितपणे येईल : असे केले तर वाङ्मयसमीक्षा समाजशास्त्र होऊन बसेल, आणि शैली, संवेदना, सौंदर्य यांचे काय? आक्षेप गंभीर आहे, पण तो एका चुकीच्या विभागणीवर उभा आहे. प्रवासाचा खर्च कोणी केला, हा प्रश्न हिशेबाच्या वहीतला वाटतो. प्रत्यक्षात तो शैलीचा प्रश्न आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठी नव्हे. घरचे दारिद्र्य आणि यज्ञातील दक्षिणेची आशा यांनी त्यांना बाहेर काढले. सुमारे पाव शतकानंतर त्यांनी लिहिलेल्या आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी संपादून प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'मधील तपशिलांचे वजन त्या गरजेतून येते. मिळालेली दक्षिणा, लुटले गेलेले पैसे, अखेरीस आईवडिलांना स्नान घालण्यासाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड : या वस्तूंमध्ये त्या गद्याचा ताल आहे. गरज काढून टाकली तर शैली उरत नाही.

उलट बाजूनेही तेच. स्वातंत्र्योत्तर काळातील अनेक गाजलेल्या प्रवासवर्णनांमागे शिष्यवृत्त्या, सरकारी निमंत्रणे, सांस्कृतिक शिष्टमंडळे आहेत. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले होते. शीतयुद्धाच्या त्या काळात दोन्ही महासत्तांना आशियातील लेखकांचे आतिथ्य करण्यात रस होता, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. आतिथ्य स्वीकारल्याने लेखक विकला जातो असे मुळीच नाही. पण ज्या लेखनातून कामाचे, पैशाचे, परवान्याचे उल्लेख पातळ होत जातात आणि प्रवासी जणू स्वेच्छेने वाऱ्यावर तरंगत निघाला आहे असा आभास निर्माण होतो, तेथे तो आभास ही एक शैलीगत निर्मिती असते. लालित्याची खरी समीक्षा ही निर्मिती कशी होते ते दाखवील. तिच्यावर भाळून तिलाच प्रवासाचे सत्य मानणारी समीक्षा लालित्याचीही समीक्षा नसते.

तेव्हा मागणी एवढीच आहे की, या वाङ्मयप्रकाराच्या अध्यापनात आणि संशोधनात तीन प्रश्न अपरिहार्य मानले जावेत. हा प्रवास कोणाच्या बळावर आणि कोणाच्या परवानगीने झाला? यजमान या संहितेत बोलतो काय; बोलत असल्यास कोणत्या भाषेत, आणि तो प्रवाशाला खोडून काढू शकतो काय? आणि परतल्यावर प्रवाशाने काय परत दिले : यजमानाला, आणि ज्यांना कधीच निघता आले नाही त्या आपल्या माणसांना? या प्रश्नांनी 'अपूर्वाई'चे वा 'साता समुद्रापलीकडे'चे काही नुकसान होणार नाही; चांगले लेखन प्रश्नांनी मरत नाही. नुकसान होईल ते वर्गात वर्षानुवर्षे उतरवून घेतल्या जाणाऱ्या टाचणांचे. आणि लाभ होईल तो पदव्युत्तर वर्गातल्या त्या विद्यार्थ्याचा, ज्याच्या घरातला पहिला मोठा प्रवास ऊसतोडीला किंवा गिरणीत काम शोधायला झालेला असतो आणि ज्याला आजवर असे शिकवले गेले आहे की, त्या प्रवासाला वाङ्मयात नाव नाही.

मिरास ही कसणाऱ्याच्या हातून काढून घेता येते असे नव्हे. पण ती मिरास आहे, निसर्गदत्त हक्क नव्हे, एवढे तरी दप्तरी नोंदवले गेले पाहिजे. ती नोंद करणे हे समीक्षेचे काम आहे. ते होईपर्यंत तिने 'सांस्कृतिक देवाणघेवाण' हा शब्द जपून वापरावा. कारण तिच्या खात्यावर आज तरी घेवाणीचीच बाजू भरलेली आहे.